पाकोळी शिवली

पाकोळी पिंडाला शिवेना, तेव्हा घाटावरच्या झाडून सगळ्या माणसांनी माझ्याकडे पाहिलं. जणू मी ती माहेराहून आंदण आणली होती आणि ती ऐन वेळेला बिघडली होती.

त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. पाकोळीचा मेंदू ज्या मंडळींनी बनवला त्यांत मी एक होते. पुण्यातल्या आमच्या ऑफिसात आम्ही तीसेक जण होतो. पण कराडात माळवद्यांच्या घरी एवढंच ठाऊक, की सुनेनं केलेलं यंत्र आहे. चाललं तर कौतुक मंदारचं, बायको हुशार मिळवली म्हणून. अडलं तर खापर माझ्या डोक्यावर.

माझ्या सासऱ्यांचा तो दहावा. खाली कृष्णेचं पाणी संथ, पायरीवर केळीच्या पानावर पिंड, शेजारी बाबांच्या आवडीचे चुरमुरे आणि खारे शेंगदाणे. माझा नवरा मंदार मुंडण केलेल्या डोक्यावर उपरणं घेऊन हात जोडून उभा. आणि वर, दोन पुरुष उंचीवर, बाबांची पाकोळी घिरट्या घालत होती. खाली येई, पानाकडे बघितल्यासारखं करी आणि पुन्हा वर जाई.

"वृषाली, चार्जिंग बघितलं होतंस का?" मंदारने मान न वळवता विचारलं.

"बघितलंय. पूर्ण आहे."

"मग?"

मग काय ते मलाही सांगता येत नव्हतं.

ज्यांनी 'आदिरान' हा कॉम्प्युटरवरचा खेळ कधी खेळला नाही, त्यांना थोडं सांगायला हवं. पंधरा कोटी वर्षांपूर्वी अनुरोग्नॅथस नावाचा एक उडता सरीसृप होता. डायनोसॉर नव्हे, त्यांचा दूरचा भाऊबंद म्हणा. धड तळहातावर मावेल एवढं, पंख पसरले की हातभर, शेपूट जवळजवळ नाहीच, डोळे मोठे आणि तोंड बेडकासारखं रुंद. उडता उडता किडे गट्ट करायचा. जर्मनीतल्या चुनखडीत त्याचे ठसे सापडले आहेत. खेळात राक्षसी जनावरं ढीगभर होती, पण लोक जीव लावून बसले ते या चिमुकल्यावर. त्याचं नाव कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून आपल्याकडच्या खेळाडूंनी त्याला पाकोळी करून टाकलं, आणि तो 'ती' झाला.

खेळात पाकोळी अंड्यापासून वाढवावी लागे. तिला आज्ञा देता येत नसत, सवयी लावाव्या लागत, आणि ते काम आमचं होतं. तिच्या मेंदूत आम्ही एकच मूळ ओढ ठेवली होती: मालकाने मानेखाली बोट फिरवावं. बोट फिरलं की तिच्या मेंदूतल्या जोडण्या घट्ट होत. गंमत पुढे आहे. असा मेंदू बक्षिसाला भुलत नाही, तो बक्षिसाच्या चाहुलीला भुलतो. बोट फिरायच्या आधी नेहमी काय घडतं ते तो शोधत राहतो. मालकाच्या पावलांचा आवाज, वाटीची किणकिण, कुणाचा तरी ठरावीक शब्द. हळूहळू तो आनंद बोटावरून सरकत सरकत त्या आधीच्या खुणेवर येऊन बसतो. खूण पटली की पाकोळी खाली उतरते, समोर ठेवलेल्या खाण्यावर टेकते आणि मान पुढे करते. तिला 'का' कळत नाही, फक्त 'आता' कळतं.

पुढे कंपनीने पाकोळीला शरीर दिलं. कोंबडीच्या अंड्याहून हलकं, पंख खरोखर हलवणारं यंत्र. तुम्ही खेळात वर्षानुवर्षं वाढवलेली पाकोळी तिच्या साऱ्या सवयींसकट त्यात उतरवता येई. आधी ते श्रीमंतांच्या पोरांचं खेळणं होतं. मग कावळ्यांचा ताप आला. डासांतून पसरणारा विषाणू होता; माणसाला शिंक येऊन जाई, कावळे मात्र झाडाखाली सडा पडावा तसे पडले. वर्षभरात गावंच्या गावं कावळ्यांवाचून सुनी झाली. पाकोळी उडता उडता डास पकडते म्हटल्यावर नगरपालिकांनीसुद्धा ती घ्या म्हणून सांगायला सुरुवात केली. घरोघरी पाकोळ्या झाल्या.

आणि मग दहाव्याला शिवायला कोण? दर्भाचा कावळा करून शिववायची सोय शास्त्रात होती, पण गवताची काडी शिवली म्हणून कुणाचं समाधान होतं? कुठल्या तरी घाटावर कुणीतरी मेलेल्या माणसाची पाकोळी सोडली. ती घिरट्या घालून पिंडावर बसली. मुलगा ढसाढसा रडला. झालं. दोन वर्षांत तो रिवाजच पडला. ज्यांच्या घरी नाही त्यांना गुरुजींकडे भाड्याची मिळे. ती सोडल्या सोडल्या बसे, त्यामुळे तिला मान नव्हता. घरची पाकोळी खरी, कारण ती अडून बसे. अडली म्हणजे जिवाची काहीतरी इच्छा राहिली. ऑफिसात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्ही हसून लोटपोट झालो होतो.

त्या दिवशी घाटावर मला हसू येत नव्हतं.

"बोल की रे मंदार," शकूआत्या म्हणाल्या. बाबांची धाकटी बहीण, इस्लामपूरहून आलेल्या. घरातलं कुठलंही कार्य त्यांच्या जिभेवर चालतं. "दादाच्या मनात काय राहिलंय ते इचार त्याला. शब्द दे."

मंदार कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. पाकोळीला तो 'तुमचं ते फडफडणारं कॅलक्युलेटर' म्हणतो. त्याने घसा खाकरला. "बाबा, वर्षश्राद्ध दर वर्षी करीन. कराडचं घर विकणार नाही." पाकोळी खाली आली, वर गेली. "आईची काळजी घेऊ." पाकोळी वरच.

मग चुलत्यांनी सांगून पाहिलं, आत्यांनी सांगून पाहिलं. ऊन पायऱ्यांवर चढलं. लहान पोरं भुकेली झाली. गुरुजी हलकेच म्हणाले, "दर्भाचा करू का?"

"गवत नको," आत्या म्हणाल्या. "दादा अडलाय कशासाठी ते मला ठाऊक हाय." आणि त्यांनी मुग्धाकडे पाहिलं.

मुग्धा माझी नणंद, मंदारहून धाकटी. ती काय पणाला लावून तिथे उभी होती, ते त्या गर्दीत मला एकटीला पक्कं ठाऊक होतं. सासूबाईंना स्ट्रोक झाला, वाचा गेली, उजवी बाजू गेली, तेव्हा मुग्धा कोल्हापुरातली आहारतज्ज्ञाची नोकरी सोडून 'थोडे दिवस' म्हणून घरी आली. त्या थोड्या दिवसांत तिचे केस पिकले. कूस बदलणं, भरवणं, पुसणं, सगळं तिच्या हातचं. आम्ही पुण्याहून सणाला यायचो, औषधांचे बॉक्स आणायचो, 'तू आहेस म्हणून' असं म्हणायचो आणि परतायचो.

मग एका रोपांच्या प्रदर्शनात तिला संदेश नेरूरकर भेटला. कुडाळचा, आंब्या-काजूची कलमं बांधणारा, बायको जाऊन बरीच वर्षं झालेला, थोडं बोलणारा माणूस. त्याला लग्न करायचं होतं. आईंनाही कुडाळला न्यायची त्याची तयारी होती. त्यावर मंदार भडकला होता. "मुलगा जिवंत असताना आई जावयाच्या दारात? लोक शेण घालतील तोंडात." मग आईंना पुण्याला न्यायचं का, तर "बघू." बाबा मात्र कधी नाही म्हणाले नाहीत. बाबा साखर कारखान्यात केमिस्ट होते, आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आणि ते नाही म्हणत नव्हते, म्हणूनच तिला भांडता येत नव्हतं.

बाबा गेल्यावर तिने मला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं होतं, "वहिनी, तेरावं झालं की मी जाणार. तू आईला घेऊन जा. दादाशी तू बोल." मी हो म्हटलं होतं. संदेश दहाव्यालाही आला होता. वरच्या पायरीवर, सगळ्यांपासून लांब, चपला हातात धरून उभा होता.

"मुग्धा," आत्या म्हणाल्या, "बोल बाई. सगळ्यांनी बोलून झालं. तुझ्यापायीच अडलाय तो."

"आत्या," मी मध्ये पडले, "ते यंत्र आहे. त्याला बाबांचा आवाज मिळत नाहीये म्हणून ते गोंधळलंय. उगाच तिच्यावर कशाला ढकलता?"

"तू गप ग. यंत्र तुझं आसंल, भाऊ माझा हाय."

मी मंदारकडे पाहिलं. तो पाण्याकडे बघत राहिला.

मुग्धा पुढे झाली. तिने हात जोडले नाहीत. पदर खोचून ती पानासमोर उभी राहिली, वर पाहिलं आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "नाही जाणार."

पाकोळी झपकन खाली आली. पिंडावर टेकली. बेडकासारख्या त्या रुंद तोंडाचा भाताला स्पर्श झाला, चार शितं उडाली. घाटावर एकदम हुंदके फुटले. आत्यांनी "दादा रे!" म्हणून हंबरडा फोडला, गुरुजींनी पळीभर पाणी सोडलं, कुणीतरी मुग्धाला मिठी मारली.

माझी नजर पाकोळीवर होती. पिंडावर बसून तिने मान पुढे केली होती. ती बोटाची वाट बघत होती. कुणी बोट फिरवलं नाही, तरी ती तशीच मान ताणून बसून राहिली.

मग मला दिवाळीतली संध्याकाळ आठवली. ओसरीत बाबांची खुर्ची, हाताशी चुरमुऱ्यांची वाटी, वाटीच्या काठावर पाकोळी. मुग्धा चहा घेऊन आली. बाबा हसत म्हणाले, "आईला सोडून जाणार नाहीस ना ग?" ती म्हणाली, "नाही जाणार." बाबांचा चेहरा खुलला आणि त्यांनी पाकोळीच्या मानेखाली बोट फिरवलं. मला तेव्हा ते सगळं गोड वाटलं होतं. म्हातारा माणूस, लाडकी लेक. पण तो प्रश्न रोजचा होता, उत्तर रोजचं होतं आणि त्यानंतर फिरणारं बोटही रोजचं. पाकोळीने आपलं काम चोख केलं होतं. या घरात आनंद कशाच्या आधी येतो, ते तिने शोधून काढलं होतं.

वर पाहिलं तर संदेश पायऱ्यांवर नव्हता.

घरी आल्यावर मी थांबले नाही. माणसं ओसरीत टेकायच्या आत मी स्वयंपाकघरातून वाटीभर भात आणला आणि मधोमध ठेवला. "सगळ्यांनी बघा. मुग्धा, इकडे ये. म्हण तेच, पुन्हा एकदा."

"कशाला वहिनी?"

"म्हण."

तिने माझ्याकडे फार थकलेल्या डोळ्यांनी पाहिलं. "नाही जाणार," ती म्हणाली. पाकोळी तुळईवरून उतरली आणि भातावर बसून मान पुढे करून राहिली. मी तिला उडवून लावलं, वाटी उचलून कोपऱ्यात ठेवली. पुन्हा तेच शब्द, पुन्हा तीच पाकोळी. तिसऱ्यांदा मी वाटीत भाताऐवजी चुरमुरे घातले. तिला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

"बघितलंत?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, चढू दे म्हटलं. "हा कुणाचा आत्माबित्मा नाही. ही लावलेली सवय आहे. रोज संध्याकाळी बाबा तिच्याकडून एवढं वदवून घ्यायचे आणि पाकोळीला कुरवाळायचे. मुग्धा 'मला सोडा' म्हणून नदीवर ऊर फोडून रडली असती, तरी ही खाली आली नसती. या शब्दावर तिला बांधून घालू नका."

आत्यासुद्धा गोंधळल्या. मला क्षणभर वाटलं, जिंकले.

मग मंदार बोलला. भौतिकशास्त्राचा माणूस, वर्गात बोलावं तसं शांतपणे. "तू म्हणतेस ते मला पटतंय. सवय आहे. पण लावली कुणी? बाबांनी. रोज, स्वतः होऊन, कुणी न सांगता. मग त्यांची इच्छा याहून वेगळी काय असते, वृषाली? कावळ्याचं निदान नक्की नसायचं. हिचं तर नक्की आहे. तूच तसं बनवलंयस."

"व्हय की," आत्या म्हणाल्या. "तेच म्हणतीया मी."

इतक्या वर्षांत माझ्या नवऱ्याने माझ्या कामावर पहिल्यांदा विश्वास ठेवला, आणि तो असा. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. खोट त्याच्यात होती. 'आईला मी नेतो' एवढे तीन शब्द त्याला म्हणायचे नव्हते, आणि आता ते म्हणायची गरजही उरली नव्हती. मला त्याची शिसारी आली. ती अजून गेलेली नाही.

"आईंना मी नेते," मी सगळ्यांसमोर म्हटलं.

"तू?" मंदार म्हणाला. "रात्री आठला घरी येतेस."

"बाई ठेवू."

"बघू," तो म्हणाला आणि अंघोळीला उठला.

मुग्धा केव्हाच आत गेली होती. मी तिच्या मागे गेले. आईंच्या खोलीत पडदा ओढलेला होता. आई पलंगावर, आणि मुग्धा त्यांच्या पाठीला तेल लावत होती. पाकोळी खिडकीच्या गजावर येऊन बसली होती.

"मुग्धा, संदेशला फोन कर," मी म्हटलं. "मी तिकडे ओसरीत दाखवलं ना सगळ्यांना. ते सगळं खोटं आहे. त्या शब्दाला काही अर्थ नाही."

"मला दाखवायची गरज नव्हती वहिनी." ती तेलाचा हात थांबवत नव्हती. "मला माहीत होतं. घरात ती माझ्या याच एका वाक्याला येते, हे मला नाही तर कुणाला माहीत असणार? ऊन लागत होतं, पोरं भुकेली होती, दादाचे पाय भाजत होते. म्हटलं, म्हणून टाकावं, सुटू दे सगळे."

"मग? मुद्दामच म्हटलंस तर मग त्यात अडकतेस कशाला?"

"आपण रिक्षातून उतरलो ना, तेव्हा आत्या पळत आत आल्या. आईच्या कानाशी ओरडून सांगितलं, 'पाकोळी शिवली! मुग्धा कुठं जात न्हाई आता!'" मुग्धाने आईंचा डावा हात माझ्याकडे केला. मुग्धाच्याच मनगटाभोवती तो घट्ट आवळलेला होता. "मी ओसरीतून आत आले तेव्हा जे धरलंय, ते सोडलेलं नाही तिने. एका हाताने तेल लावतेय मी."

मी आईंच्या तोंडाकडे पाहिलं. अर्ध्या चेहऱ्यावर हसू होतं. इतक्या वर्षांत मी ते पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी गळून उशी ओली झाली होती.

"मी नेते यांना," मी पुन्हा म्हटलं. "खरंच नेते."

"नेशील. महिनाभर नेशीलही. मग दादाचं तोंड, मग बाई टिकत नाही, मग 'मुग्धा, थोडे दिवस येतेस का?'" तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसवेना. "तू वाईट नाहीस वहिनी. तू पुण्याला राहतेस, एवढंच."

मी पलंगाच्या पायथ्याशी बसले. मला रडू यायला लागलं आणि त्याचीही लाज वाटली.

"संदेश काय म्हणाला?" मी विचारलं.

"घाटावरून स्टँडवर गेला, तिथून फोन केला. चिडलेला नाही. म्हणाला, थांबतो. कितीही थांबतो." तिने आईंना हळूच कुशीवर वळवलं, पाठीशी उशी लावली. आईंनी मनगट सोडलं नाही. "मीही 'थांब' म्हटलं. म्हणून बसले ग, पटकन. फोन ठेवला आणि मग लक्षात आलं."

"काय?"

तिने आईंचे डोळे पदराने पुसले, कपाळावरचे केस मागे सारले. मग माझ्याकडे न बघता, आईंना ऐकू जाणार नाही इतक्या खाली म्हणाली, "तो कशासाठी थांबणार आहे आणि मी कशासाठी, ते. उद्यापासून रोज सकाळी हिला उठवायला येईन ना, तेव्हा दार उघडताना, हिचा श्वास चाललाय का बघताना, माझ्या मनात काय असेल, वहिनी? सांग ना. तू मेंदू बनवतेस."